डागांचा नकाशा

३ फेब्रुवारी

आत्या महिनाअखेरीस जाणार, हे आज नक्की झालं. एकतीस वर्षं पावडरी आणि स्पिरिट हुंगून तिची छाती पार बसली आहे. डॉक्टर म्हणाले, हा खोकला औषधाने नाही, दुकान सोडल्यानेच जाईल. तिच्या मुलीने लगेच फोन करून तिच्यासाठी खोली आवरून ठेवल्याचं कळवलं. अठ्ठावीस तारखेची गाडी, दहा तासांचा प्रवास.

म्हणजे आमच्या लाँड्रीतला डागांचा काउंटर अठ्ठावीसला रिकामा होणार. धुणं आणि इस्त्री काय, कुणीही करतं. समोरच्या कोपऱ्यावर तर बटण दाबलं की धुऊन वाळवून देणाऱ्या यंत्रांची रांगच लागली आहे. लोक रस्ता ओलांडून आमच्याकडे येतात ते आत्या डाग काढते म्हणून. ती गेली आणि डाग निघेनासे झाले, तर वर्षभरात शटर खाली ओढावं लागेल. आमच्या इस्त्रीमास्तरांनी हे तोंडावर बोलूनही दाखवलं. मी घाबरलो नाही, कारण माझ्याकडे उपाय आहे.

दुकान हाती घेण्याआधी नोकरीत मी सात वर्षं लोकांना हेच तर शिकवत होतो. मोठा कागद घ्यायचा, मधोमध विषय लिहून त्याला गोल करायचा, त्यातून फांद्या काढायच्या, फांद्यांना डहाळ्या. प्रत्येक फांदीला वेगळा रंग. डोक्यात गुंतलेलं सगळं दोन दिवसांत समोर पसरलेलं दिसतं. आत्याचं डोकं मी पंचवीस दिवसांत कागदावर उतरवणार. ही वही त्या कामासाठी उघडली आहे. माझा माझ्या पद्धतीवर पूर्ण भरवसा आहे आणि तो फुकाचा नाही.

५ फेब्रुवारी

काउंटरच्या मागच्या भिंतीवर चार ड्रॉइंग पेपर जोडून लावले. मधोमध ‘डाग’. त्यातून सहा फांद्या : तेल-तूप, चहा-कॉफी-फळं, शाई-रंग, रक्त-दूध-अंडं, गंज, आणि मेण-डिंक वगैरे चिकट प्रकार.

आत्या चष्मा वर करून बघत राहिली. “हे काय, कोळ्याचं जाळं?”

“आत्या, हे तुझं ज्ञान आहे.”

“बघ बाबा. माझ्या डोक्यात इतके रंग असतील असं वाटलं नव्हतं.”

चेष्टा करते, पण सांगते मात्र मनापासून. चहाचा डाग असेल तर सुती कापड पातेल्यावर ताणून बांधायचं आणि हातभर उंचीवरून उकळतं पाणी सोडायचं. रक्त असेल तर गरम पाण्याचं नावही काढायचं नाही, नाहीतर डाग धाग्यात शिजतो आणि जन्माचा बसतो. मेणावर कागद ठेवून इस्त्री. गंजाला ब्लीच लावलं तर तो आणखी पक्का. आज एका दिवसात एकतीस गोल झाले.

७ फेब्रुवारी

एक अडचण आहे. आत्या गिऱ्हाइकांशी फार बोलते. आज घड्याळ लावून बघितलं. एक टाय लावलेले गृहस्थ कोट घेऊन आले. त्यांच्याशी अकरा मिनिटं बोलणं आणि प्रत्यक्ष डाग बघणं तीन मिनिटं. बोलणं तरी कशावर? म्हणे काल तिने सूपचं अख्खं भांडं मांडीवर ओतून घेतलं, घाबरून त्यावर मीठ, साबण, सोडा, हाताला लागेल ते चोळलं आणि घरी कुणाला पत्ता लागू दिला नाही. गृहस्थ खो खो हसले. मग तेही सांगत बसले की त्यांनी कोटावर काय काय फासलं आहे ते.

मला दोन गोष्टींची काळजी वाटते. एक, असल्या गप्पा नकाशात कुठे घालणार? त्या सोडूनच दिल्या. दुसरी, आत्या आता धांदरट व्हायला लागली आहे. बरं झालं, मुलीकडे जाते आहे. तिथे कुणीतरी लक्ष ठेवील.

१० फेब्रुवारी

बायको शाळेतून येताना दुकानात डोकावली. ती विज्ञान शिकवते, त्यामुळे तिला आकृत्यांचं कौतुक असेल असं वाटलं होतं. बराच वेळ बघून म्हणाली, “सुंदर आहे रे. पण या रेघांवर काही लिहिलेलं नाही.”

“रेघांवर काय लिहायचं?”

“हा गोल आणि तो गोल, यांच्यामध्ये काय आहे ते. ‘यामुळे होतं’, ‘याने जातं’, ‘याआधी विचारायचं’. नुसती रेघ म्हणजे दोन माणसं शेजारी उभी आहेत एवढंच कळतं. नवरा-बायको आहेत की बसची वाट बघताहेत, ते कसं कळणार?”

मी म्हटलं, नोकरीत सात वर्षांत कुणी असं विचारलं नाही. “विचारलं नसेल,” म्हणाली आणि माझा अर्धा चहा पिऊन गेली.

१४ फेब्रुवारी

एकशे चौदा गोल. काल रक्ताच्या फांदीसाठी माशाचा सांगाडा काढून बघितला : डोक्याशी डाग, काट्यांवर कारणं. इस्त्रीमास्तर येता-जाता “मासा ताजा आहे का?” विचारत होते, म्हणून काढून टाकला. त्याऐवजी हो-नाहीचे चौकोन केले. कापड सुती? हो. डाग वाळलेला? हो. मग बाण डावीकडे. आता कुणीही माणूस, अगदी इस्त्रीमास्तरसुद्धा, बाणाबाणाने जाऊन डाग काढू शकेल.

आत्याचा धांदरटपणा मात्र हाताबाहेर चालला आहे. या आठवड्यात मी ऐकलेल्या हकिकती : साडीवर मेणबत्ती सांडली, पर्समध्ये पेन फुटलं, चिखलात बसकण मारली. आज तर कमाल केली. कॉलेजातली वाटावी अशी एक मुलगी घडी केलेली चादर घट्ट धरून उभी होती. आत्या तिला सांगायला लागली की तिच्या लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिने सासरच्या नव्या गादीचं काय करून ठेवलं आणि पहाटे एकटीने ती गादी कशी उलटी केली. मी दोन हातांच्या अंतरावर उभा आहे याचंही भान नाही! मी आपला मागच्या खोलीत निघून गेलो. बाहेर दोघी हसत होत्या. परत आलो तेव्हा चादर गार पाण्यात पडलेली होती आणि मुलगी गेली होती.

२१ फेब्रुवारी

आज परीक्षा घेतली, माझीच. बायकोने दहा फडक्यांवर दहा डाग पाडून आणले. मी फक्त नकाशा बघून काढायचे, आत्याने बोलायचं नाही. नऊ साफ निघाले! दहावा डाग कसल्यातरी बुटांच्या पॉलिशचा होता, तोही फिकट झाला. इस्त्रीमास्तरांनी टोपी काढली. मला इतका आनंद झाला की मी दुकानातल्या दुकानात दोन फेऱ्या मारल्या.

आत्या फडकी उलटसुलट करून म्हणाली, “छान. चिंध्यांचं बरं असतं. त्यांना लाज वाटत नाही.” मग तिला खोकला आला आणि बोलणं तिथेच राहिलं.

२८ फेब्रुवारी

आत्याला गाडीत बसवून आलो. मी रडणार नाही असं ठरवलं होतं, पण ती डब्याच्या खिडकीतून हात बाहेर काढून माझी कॉलर सारखी करायला लागली आणि माझं काही खरं राहिलं नाही. आई गेल्यावर माझे शाळेचे कपडे हिनेच धुतले. हे तिला कधी बोलून दाखवलं नव्हतं, आज दाखवलं. ती म्हणाली, “धुतले कसले, नुसती शाई काढली. तू शाईतच जन्मला होतास.”

गाडी हलताना म्हणाली, “गिऱ्हाईक आलं की त्याच्याकडे तोंड करून उभा राहा. भिंतीकडे नको बघूस.” मी होकार दिला. नकाशा एव्हाना पाठ झाला आहे, भिंतीकडे बघायची वेळच येणार नाही.

४ मार्च

पहिले तीन दिवस एक नंबर गेले. सतरा डाग आले, पंधरा गेले. लोक आत्याची चौकशी करतात, मग नकाशा बघतात आणि “अरे वा” म्हणतात. प्रत्येक गिऱ्हाइकामागे चार मिनिटं लागतात. आत्याला तेरा-चौदा लागायची.

आज एक तरुण बाई पांढरा पलंगपोस घेऊन आली. सुती, आणि सगळ्या कडांना पांढऱ्याच दोऱ्याचं भरतकाम. सासूबाईंनी दोन वर्षं बसून भरलेला आहे म्हणे. सासूबाई गावाला गेल्या आहेत, बारा तारखेला परत येणार. त्याआधी हवा. मधोमध तळहाताएवढा तपकिरी डाग.

“कसला आहे?” मी पेन्सिल घेऊन विचारलं.

ती आधी आत बघत होती. “त्या बाई नाहीत का?”

“त्या आता नसतात. मी आहे ना. कसला डाग?”

“चहा,” ती म्हणाली. पावती घेतली आणि जवळजवळ पळतच गेली. दीड मिनिट. आजवरचा विक्रम.

५ मार्च

पलंगपोस पातेल्यावर ताणला आणि हातभर उंचीवरून उकळतं पाणी सोडलं. डाग हलला नाही. पुन्हा सोडलं. कडा गडद झाल्या. तिसऱ्यांदा सोडताना इस्त्रीमास्तर शेजारी येऊन उभे राहिले आणि मान हलवत परत गेले, तेव्हा मी हात आवरला. नकाशा तीनदा तपासला. चहा, सुती, वाळलेला, बाण डावीकडे. नकाशात चूक नाही.

दोन वर्षांचं भरतकाम आहे, आणि बारा तारखेला सासू दार उघडून आत येणार आहे. मी आज जेवलो नाही.

६ मार्च

आत्याला फोन करणार नाही असं ठरवलं होतं. सकाळी दुकान उघडायच्या आधीच केला.

“ती काय म्हणाली?”

“चहा म्हणाली.”

“आणि तू काय म्हणालास?”

“काही नाही. पावती दिली.”

आत्या आधी खोकली. मग म्हणाली, “अरे राजा, तू काहीच बोलला नाहीस, तर ती बिचारी काय सांगणार? लोक डागाबद्दल खरं कधी सांगतात? साहेब लोक दारूला सरबत म्हणतात. आया मुलांच्या अंथरुणाला पाणी सांडलं म्हणतात. आणि घरी काय काय फासलंय ते तर कुणीच सांगत नाही. आधी आपण आपली फजिती सांगायची. मग ते त्यांची सांगतात.”

“म्हणजे ते सूप?”

“कसलं सूप!”

“आणि मेणबत्ती? चिखल? ती गादी?”

“माझ्या अंगावर उभ्या जन्मात थेंब सांडला नाही,” आत्या ठसक्यात म्हणाली.

मी महिनाभर हिची काळजी करत होतो! दोनदा तर तिच्या मुलीला फोन करून सांगितलंय की हिच्या हातात गरम भांडं देऊ नकोस.

बायकोला सगळं सांगितलं. तिने भाजी चिरता चिरता विचारलं, “तरुण बाई, पलंगपोस, मधोमध डाग, आणि तिने आधी आत्यांची चौकशी केली?”

“हो.”

“आणि तुला अजून कळलं नाही?”

मग कळलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मी रक्तावर उकळतं पाणी ओतलं होतं, तेही तीनदा.

७ मार्च

पण खात्री कशी करायची? रक्त असेल तर वेगळी पावडर लागते, गार पाण्यात भिजवून. दुसरं काही निघालं तर उरलासुरला पलंगपोसही हातचा जाईल. तिला फोन करून एक पुरुष काय विचारणार?

आत्याची युक्ती करून बघावी म्हणून आज इतर गिऱ्हाइकांवर सराव केला. एका वकिलांना म्हटलं, काल माझ्यावर शाईची अख्खी बाटली उलटली. ते माझ्या पांढऱ्याफेक हातांकडे बघत म्हणाले, “शाई वापरता? कमाल आहे.” दुसऱ्या बाईंना सूपची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, “हो का? त्या बाईंच्याही मांडीवर सूपच सांडलं होतं. तुमच्या घरी भांड्यांना भोकं आहेत का?” इस्त्रीमास्तर इस्त्री बाजूला ठेवून हसले.

मला खोटं सांगता येत नाही. आत्याला येतं, आणि तेही इतकं छान की समोरच्याला खरं बोलावंसं वाटतं. मला येतं ते एकच. मला आकृत्या काढता येतात.

८ मार्च

भिंतीवरचा नकाशा उतरवला. एकशे चौदा गोल गुंडाळून माळ्यावर टाकताना वाईट वाटलं, पण फार नाही. मधला गोलच चुकला होता. मी डाग मधोमध ठेवला आणि तो घेऊन येणारं माणूस कागदाच्या बाहेर राहिलं.

नवा कागद लहान घेतला, काउंटरवर मावेल एवढा. मधोमध नुसती कापडाची घडी काढली, शब्द नाही. तिच्याकडे येणाऱ्या चार रेघा, आणि या वेळी रेघांवर शब्द लिहिले. बायकोला विचारून. ‘अंगातून आला.’ ‘ताटा-कपातून आला.’ ‘टेबलावरून आला.’ ‘रस्त्यावरून आला.’ रक्त, घाम, दारू असलं नाव एकही नाही. घडीतून खाली निघणाऱ्या रेघेवर लिहिलं, ‘त्यावर घरी लावलं’, आणि पुढे छोटे गोल : गार पाणी, गरम पाणी, साबण, ब्लीच, आठवत नाही. सगळी अक्षरं मला उलटी दिसतील आणि गिऱ्हाइकाला सुलटी, अशी ठेवली.

मग फोन करून तिला बोलावलं. ती आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते.

मी म्हटलं, “चूक माझी आहे. मी नीट न विचारता उकळतं पाणी ओतलं आणि डाग पक्का केला. अजून जाऊ शकेल असं वाटतंय, पण तुमची थोडी मदत लागेल. काही सांगू नका. इथे फक्त बोट ठेवा.” आणि कागद तिच्यापुढे सरकवून मी पावती पुस्तकात बघायला लागलो.

मग बोट कागदावर आलं. ‘अंगातून आला.’ तिथे थांबलं. मला वाटलं आता उचलणार. पण ते खाली सरकलं, ‘साबण’वर टेकलं, आणि मग ‘गरम पाणी’वर.

म्हणजे माझ्या आधी तिनेही घरी तेच केलं होतं. मी मान वर केली तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती. “तुमची एकट्याची चूक नाही,” ती म्हणाली.

१० मार्च

गार पाणी, त्यात प्रथिनं खाणारी पावडर, दर सहा तासांनी पाणी बदल. आत्या फोनवरून हुकूम सोडते आहे. तिचा खोकला कमी झालाय आणि आवाज वाढलाय. काल तपकिरीचा पिवळा झाला. आज कापसाने थेंबथेंब पेरॉक्साइड लावलं, भरतकामाला न शिवता, टाचणीच्या टोकाएवढ्या जागेपासून सुरुवात करून. माझा हात इतका स्थिर आहे हे मला माहीत नव्हतं. इस्त्रीमास्तरांनी दिवा धरला. दुपारी डाग कुठे होता ते आम्हा दोघांना शोधावं लागलं.

११ मार्च

ती पलंगपोस न्यायला आली. काउंटरवर पूर्ण उलगडला. तिने मधोमध हात फिरवला, मग कडांवरून, मग परत मधोमध. मी आणि इस्त्रीमास्तर परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखे उभे. तिने डोळे पुसले, घडी घातली, पिशवीत ठेवली. आभार वगैरे काही मानले नाहीत आणि मला ते बरोबरच वाटलं.

जाता जाता ती त्या कागदापाशी थांबली. माझी पेन्सिल उचलली आणि वरच्या मोकळ्या जागेत काहीतरी लिहिलं. ती गेल्यावर मी कागद फिरवून वाचलं. ‘बोलायची गरज नाही. इथे कुणी काही विचारत नाही.’

मी त्यावर काळा मार्कर फिरवून पक्कं केलं. इतकं बरोबर वाक्य मला सुचलं नसतं.

१३ मार्च

आज ते टायवाले गृहस्थ आले. दारातूनच मोठ्या आवाजात, “काय म्हणतोय धंदा? हा शर्ट बघा, चहा सांडला, दुसरं काय!” शर्ट काउंटरवर टाकला. मी काही न बोलता कागद त्यांच्याकडे सरकवला आणि पावती पुस्तक उघडलं.

त्यांनी वरची ओळ वाचली. टायची गाठ सैल केली. रस्त्यावरून एक ट्रक गेला, मागे इस्त्रीची वाफ सुटली. मग केसाळ, जाडजूड बोट ‘अंगातून आला’वर येऊन टेकलं आणि तिथेच राहिलं.

मी मान वर केली नाही. पावतीवर ‘गार पाणी’ लिहिलं आणि परवा या म्हणालो.